‘थांब’ म्हटले, पण थांबले का?

किराणा दुकानात क्यूआर कोड स्कॅन करून आपण पाचशे रुपये पाठवतो. गोल चक्र फिरत राहते आणि शेवटी फोनवर ‘टाइम आउट’ असा संदेश येतो. दुकानदार म्हणतो, पैसे आले नाहीत, पुन्हा करा. मागे रांग लागलेली असते. आपण पुन्हा पाठवतो आणि संध्याकाळी पाहतो तर खात्यातून हजार रुपये गेलेले असतात.

रुग्णालयात हाच प्रकार वेगळ्या रूपात घडतो. संगणकावरून रक्ततपासणीची मागणी पाठवली, स्क्रीन अडकली, म्हणून पुन्हा पाठवली, की लॅबच्या यादीत एकाच रुग्णाचे नाव दोनदा येते. रक्त दोनदा काढले गेले तर फार बिघडत नाही. पण हाच घोळ इंजेक्शनच्या बाबतीत झाला तर बिघडू शकते. दोन्हीकडे गैरसमज एकच आहे. ‘वेळ संपली’ याचा अर्थ आपण ‘काम झाले नाही’ असा घेतो. संगणक मात्र एवढेच सांगत असतो की, मी आता वाट पाहणे सोडले आहे. काम झाले का, चालू आहे का, की सुरूच झाले नाही, हे त्यालाही ठाऊक नसते.

वाट पाहणे कधी सोडायचे आणि सुरू झालेले काम मध्येच कसे थांबवायचे, हे संगणकशास्त्रातले दोन चिवट प्रश्न आहेत. ते प्रोग्रामरचे आहेत असे वाटते खरे, पण त्यांच्या उत्तरात चूक झाली की त्याचा परिणाम रुग्णाच्या शरीरापर्यंत पोहोचू शकतो, आणि तो पोहोचलेला आहे.

एक डॉक्टर, साठ रुग्ण

आधी संगणक वाट कशी पाहतो ते समजून घेऊ. सरकारी रुग्णालयाची सकाळची ओपीडी डोळ्यांसमोर आणा. डॉक्टर एक, बाहेर रुग्ण साठ. पहिल्या रुग्णाला छातीचा एक्स-रे सांगितला, तर तो परत येईपर्यंत डॉक्टर हात बांधून बसत नाहीत. त्याचा केसपेपर बाजूला ठेवतात आणि दुसऱ्याला आत बोलावतात. दुसरा रक्त द्यायला जातो, तिसरा येतो. एक्स-रे घेऊन पहिला परतला की त्याचा केसपेपर पुन्हा वर येतो आणि जिथे थांबले होते तिथून पुढे काम सुरू होते. डॉक्टर एका वेळी एकच रुग्ण तपासतात, तरी दहा जणांची कामे एकाच वेळी पुढे सरकत असतात.

संगणकाच्या भाषेत याला ‘असिंक्रोनस’ पद्धत म्हणतात. इंटरनेटवरून उत्तर यायला जो वेळ लागतो, तेवढ्यात प्रोसेसर लाखो बारीकसारीक कामे उरकू शकतो. त्यामुळे त्याने रिकामे बसणे परवडत नाही. ‘इथे उत्तराची वाट पाहा, तोवर दुसरे काम कर’ असे सांगण्यासाठी ‘असिंक’ आणि ‘अवेट’ हे दोन शब्द आज अनेक संगणक भाषांमध्ये आहेत. सी-शार्पमध्ये ते २०१२ साली आले, पायथनमध्ये २०१५ साली आणि जावास्क्रिप्टच्या प्रमाणित रूपात २०१७ साली. आपल्या फोनमधली बरीचशी अॅप्स याच पद्धतीने चालतात.

या पद्धतीत एक उघड धोका आहे. एक्स-रेला गेलेला रुग्ण परत आलाच नाही तर? केसपेपर टेबलावर पडून राहतो. असे पन्नास केसपेपर साचले की टेबलावर नव्या रुग्णाला जागा उरत नाही. म्हणून प्रत्येक वाट पाहण्याला मर्यादा घालावी लागते. अमुक वेळात उत्तर आले नाही तर वाट पाहणे सोडायचे, हाच टाइम आउट. तो नसला तर एका अडकलेल्या कामामुळे सगळी यंत्रणा हळूहळू ठप्प होते.

उत्तर आले नाही, म्हणजे नेमके काय?

वॉर्डातून लॅबकडे निरोप गेला आणि तासभर काहीच कळले नाही, तर तीन शक्यता असतात. निरोप पोहोचलाच नाही. निरोप पोहोचला आणि काम चालू आहे. किंवा काम पूर्ण झाले, पण रिपोर्ट परत येताना कुठेतरी अडकला. वॉर्डात बसलेल्याला या तिन्ही वेळी एकच गोष्ट दिसते, ती म्हणजे शांतता. पहिल्या शक्यतेत निरोप पुन्हा पाठवणे योग्य, दुसरीत घाईचे आणि तिसरीत निव्वळ दुप्पट काम. आपण कोणत्या शक्यतेत आहोत हे वाट पाहणाऱ्याला जागेवर बसून कळत नाही.

यावरचा उपाय रुग्णालयांना फार जुन्या काळापासून माहीत आहे. औषध दिले की सिस्टर त्याच क्षणी चार्टवर वेळ लिहून सही करतात. ड्यूटी बदलली, नव्या सिस्टर आल्या, तरी सही पाहून त्यांना कळते की डोस गेला आहे. सही नसेल तर त्या आधी विचारतात, मगच देतात. संगणकात हेच काम प्रत्येक मागणीला दिलेल्या स्वतंत्र क्रमांकाने होते. तोच क्रमांक पुन्हा आला की समोरची यंत्रणा ओळखते की ही जुनीच मागणी आहे. ती काम पुन्हा करत नाही, आधीचेच उत्तर पुन्हा पाठवते. लिफ्टचे बटण पाच वेळा दाबले तरी लिफ्ट एकदाच येते, तसे हे. चांगले प्रोग्रामर पैसे, औषधे आणि तपासण्या यांच्याशी संबंधित मागण्या लिफ्टच्या बटणासारख्या असाव्यात यासाठी झटतात.

आपण अॅपमध्ये नव्याने रक्कम भरून पैसे पाठवतो तेव्हा मात्र नवा व्यवहार तयार होतो, त्याचा क्रमांकही नवा असतो. बँकेच्या दृष्टीने तो वेगळाच व्यवहार ठरतो. म्हणून व्यवहार ‘पेंडिंग’ दिसत असेल तर पुन्हा पाठवण्याआधी व्यवहारांची यादी उघडून पाहावी. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, यूपीआयवरून एखाद्या व्यक्तीला पाठवलेले पैसे खात्यातून वजा झाले पण समोरच्याला मिळाले नाहीत, तर ते व्यवहाराच्या दिवसानंतर एका दिवसात परत यायला हवेत. दुकानदाराला दिलेल्या पैशांसाठी ही मुदत पाच दिवसांची आहे. त्यापुढे उशीर झाल्यास दिवसाला १०० रुपये भरपाईची तरतूद आहे.

घाईने बुडालेले नेटवर्क

वाट किती वेळ पाहायची, याचा अंदाज चुकला तर काय होते, याचा मोठा धडा इंटरनेटच्या इतिहासात आहे. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाचा बर्कली परिसर यांच्यातला माहितीचा वेग सेकंदाला ३२,००० बिटवरून अवघ्या ४० बिटवर आला. दोन्ही ठिकाणांमधले अंतर होते जेमतेम ४०० यार्ड.

नेटवर्कवर गर्दी झाली होती, त्यामुळे उत्तरे उशिरा येत होती. उत्तर आले नाही म्हणून संगणक तीच माहिती पुन्हा पाठवत होते. त्याने गर्दी वाढत होती, उत्तरे आणखी उशिरा येत होती, आणि पुन्हा पाठवण्याचे प्रमाण आणखी वाढत होते. तिकीट खिडकीवर उशीर झाला की मागून ढकलाढकली सुरू होते आणि काम अजूनच रेंगाळते, त्यातलाच हा प्रकार.

व्हॅन जेकबसन या संशोधकाने १९८८ साली यावरचे उपाय शोधनिबंधात मांडले. त्यातले दोन आपल्यालाही समजण्यासारखे आहेत. उत्तराला सरासरी किती वेळ लागतो एवढेच पाहून चालत नाही, तो वेळ किती कमी-जास्त होतो हेही मोजायला हवे. ज्या लॅबचा रिपोर्ट कधी वीस मिनिटांत तर कधी दोन तासांत येतो, तिच्यासाठी सरासरीच्या जरा पुढे मर्यादा ठेवून भागत नाही. दुसरा उपाय असा की, पुन्हा पाठवूनही उत्तर आले नाही तर पुढच्या वेळी जास्त थांबायचे, त्यानंतर त्याहून जास्त. समोरचा दमलेला असताना त्याला हाकांवर हाका मारण्यात अर्थ नसतो.

आठ सेकंदांत हरवलेली सूचना

आता दुसरा प्रश्न, सुरू झालेले काम थांबवण्याचा. यातली सर्वांत वेदनादायक नोंद वैद्यकशास्त्राच्याच नावावर आहे.

‘थेरॅक-२५’ हे कॅन्सरवर किरणोपचार करणारे यंत्र होते, कॅनडातील अॅटॉमिक एनर्जी ऑफ कॅनडा लिमिटेड या कंपनीने बनवलेले. ते दोन प्रकारे चाले. एका प्रकारात इलेक्ट्रॉनचा सौम्य झोत थेट रुग्णावर पडे. दुसऱ्या प्रकारात कित्येक पटींनी तीव्र झोत धातूच्या पट्टीवर आपटवून क्ष-किरण तयार केले जात. तीव्र झोत आणि मध्ये पट्टी नाही, अशी स्थिती कधीही येऊ द्यायची नव्हती. आधीच्या यंत्रात यासाठी सॉफ्टवेअरवर अवलंबून नसलेले सुरक्षा-अडसर होते. थेरॅक-२५ मध्ये ते काढून बरीचशी जबाबदारी सॉफ्टवेअरवर टाकली गेली.

२१ मार्च १९८६ रोजी टेक्सासमधील टायलर या गावी एका रुग्णाला १८० रॅडची मात्रा द्यायची होती. यंत्र चालवणाऱ्या तंत्रज्ञ बाईंनी इलेक्ट्रॉनऐवजी चुकून क्ष-किरणांचे अक्षर दाबले, लगेच लक्षात आल्यावर मागे जाऊन ते दुरुस्त केले आणि उपचार सुरू केला. स्क्रीनवर सगळे बरोबर दिसत होते. यंत्र मात्र ‘मालफंक्शन ५४’ असे दाखवून थांबले. दिलेली मात्रा अगदी कमी दिसत होती. असे अडथळे त्या यंत्रावर नेहमीचेच होते, म्हणून त्यांनी ‘पुढे चालू’ची कळ दाबली. त्या दिवशी उपचारकक्षातला कॅमेरा जोडलेला नव्हता आणि आवाज ऐकण्याची यंत्रणा बंद होती. आत रुग्णाला विजेचा झटका बसल्यासारखे झाले होते. तो उठायच्या प्रयत्नात असतानाच दुसरा तडाखा बसला. नंतर केलेल्या अंदाजानुसार त्याला एवढ्याशा जागेवर १६,५०० ते २५,००० रॅड इतका मारा बसला होता. पाच महिन्यांनी तो दगावला. तीन आठवड्यांनी, ११ एप्रिलला, त्याच ठिकाणी दुसऱ्या रुग्णाच्या बाबतीत तेच घडले. तो १ मे रोजी गेला. १९८५ ते १९८७ या काळात अशा सहा दुर्घटना नोंदल्या गेल्या.

टायलरच्या रुग्णालयातील भौतिकशास्त्रज्ञाने त्याच तंत्रज्ञ बाईंना सोबत घेऊन ही चूक पुन्हा घडवून पाहिली, तेव्हा दुरुस्ती किती झपाट्याने टाइप होते यावर सगळे अवलंबून असल्याचे कळले. उपचाराची माहिती भरून झाली की यंत्र आपली चुंबके जागेवर आणू लागे. त्याला सुमारे आठ सेकंद लागत. या वेळात कोणी माहिती बदलली तर हातातले काम सोडून नव्याने तयारी करायची, असा प्रोग्रामचा हेतू होता. पण ‘बदल झाला का ते पाहा’ ही तपासणी पहिल्या चुंबकापुरतीच होत होती. ते जागेवर बसले की तपासणीची खूण पुसली जाई आणि उरलेल्या वेळात केलेल्या बदलाकडे कोणी पाहत नसे. त्यामुळे यंत्राचा एक भाग नव्या सूचनेप्रमाणे इलेक्ट्रॉनसाठी सज्ज झाला आणि दुसरा जुन्या सूचनेप्रमाणे क्ष-किरणांसाठी.

‘आधीचे रद्द, आता हे करा’ असे सांगितले गेले होते. स्क्रीनवर ते दिसतही होते. पण प्रत्यक्ष काम करणाऱ्या भागापर्यंत ते पोहोचले नव्हते. आणि ‘थांबलो आहे’ असे म्हणणाऱ्या यंत्राने थांबण्याआधी काय करून ठेवले आहे, हे कळ पुन्हा दाबणाऱ्याला कळायला मार्ग नव्हता.

थांबवण्याची रीत

मग काम थांबवायचे कसे? सर्वांत सोपा वाटणारा मार्ग म्हणजे जागीच गळा आवळणे. जावा या भाषेत चालू काम असे तोडण्याची ‘स्टॉप’ नावाची सोय होती. १९९८ च्या आवृत्तीपासून ती वापरू नये असे जाहीर करावे लागले, कारण अर्ध्यात तुटलेले काम माहिती अर्धवट बदललेल्या अवस्थेत सोडून जाई. पोट उघडलेले असताना सर्जनला ओढून बाहेर काढण्यासारखेच ते.

आता रूढ झालेली रीत सामोपचाराची आहे. कामाला ‘थांब’ अशी विनंती पोहोचवायची. ती त्याने सुरक्षित टप्प्यावर ऐकायची, म्हणजे तो उत्तराची वाट पाहत असेल तिथे. मग उघडलेल्या फायली बंद करायच्या, अडवलेली साधने मोकळी करायची आणि ‘मी थांबलो’ असे कळवायचे. हे कळेपर्यंत थांबवणाऱ्यानेही निघून जायचे नाही. रक्तवाहिनी बांधण्यासारख्या काही पायऱ्या मध्येच सोडता येत नाहीत. त्यांना तेवढ्यापुरते संरक्षण द्यायचे आणि त्या संपताच थांबायचे.

यात एक हमखास चूक होते. अनेक प्रोग्राममध्ये ‘काहीही चूक आली तरी दुर्लक्ष करून पुढे चला’ अशी ओळ लिहिलेली असते. पायथनमध्ये ‘थांब’ हा निरोप पूर्वी इतर चुकांच्याच गटात मोडत असे, त्यामुळे तोही अशा ओळीत गिळला जाई आणि काम चालूच राही. २०१९ च्या ३.८ या आवृत्तीत तो त्या गटातून वेगळा काढला गेला. दुसरे एक तत्त्व अलीकडे रुजले आहे. एका कामातून फुटलेली सगळी उपकामे संपल्याशिवाय किंवा थांबल्याशिवाय मूळ काम संपले असे मानायचे नाही. राउंड संपवून घरी निघण्याआधी वरिष्ठ डॉक्टर प्रत्येक निवासी डॉक्टरला ‘तुझ्या हातात काय राहिले?’ असे विचारतात, ते याचसाठी. मागे अनाथ काम राहता कामा नये.

आपल्या शरीरात ही रीत कितीतरी आधीपासून आहे. पेशीला मरायचे असते तेव्हा ती आकसते, आपला डीएनए तुकडे करून बांधते, सगळा ऐवज आवरणात गुंडाळते, आणि शेजारच्या पेशी ती गाठोडी उचलून संपवतात. आजूबाजूला सूज येत नाही. १९७२ साली केर, वायली आणि करी या तिघांनी या प्रक्रियेला ‘अॅपॉप्टोसिस’ असे नाव दिले. पेशींच्या या नियोजित मृत्यूच्या संशोधनाला २००२ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. याउलट रक्तपुरवठा अचानक तुटून पेशी मेली की ती फुगून फुटते, आतले द्रव्य बाहेर सांडते आणि आसपासच्या उतींनाही इजा पोहोचते.

औषध ‘बंद’ केले, तेव्हा

या सगळ्याचा तुमच्या-आमच्या घरातल्या औषधांच्या डब्याशी जवळचा संबंध आहे. डॉक्टर केसपेपरवर एका गोळीवर काट मारतात आणि दुसरी लिहून देतात. डॉक्टरांच्या दृष्टीने जुनी गोळी रद्द झालेली असते. पण घरी औषधे काढून देते सूनबाई, ती दवाखान्यात आलेलीच नसते. डब्यात जुनी पाकिटे असतातच. मग रक्तदाबाची जुनी आणि नवी अशा दोन्ही गोळ्या सुरू राहतात, आणि चार दिवसांनी आजोबा मोरीत चक्कर येऊन पडतात. कधी दोन वेगळ्या नावांच्या गोळ्यांमध्ये औषध एकच असते. ‘बंद’ ही सूचना दिली गेली, पण ज्या हातापर्यंत जायला हवी त्या हातापर्यंत गेली नाही.

म्हणून औषध बदलले की चार गोष्टी कराव्यात. कोणती गोळी बंद, हे डॉक्टरांकडून केसपेपरवर स्पष्ट लिहून घ्यावे. घरी गेल्यावर ते पाकीट डब्यातून काढून टाकावे. औषध देणाऱ्या व्यक्तीला ते स्वतः सांगावे आणि तिच्याकडून एकदा वदवून घ्यावे. डोस घेतला की नाही आठवत नसेल, तर अंदाजाने दुसरा घेऊ नये. पाकिटातल्या गोळ्या मोजाव्यात किंवा डॉक्टरांना विचारावे. घेतलेला डोस कॅलेंडरवर खुणेने लिहिण्याची सवय असली तर ही वेळ येत नाही. इन्सुलिन आणि रक्त पातळ करणारी औषधे यांच्या बाबतीत तर हे काटेकोर पाळावे.

काही औषधे मात्र एका दिवसात तोडायची नसतात. तीन आठवड्यांहून अधिक काळ स्टिरॉइडच्या गोळ्या घेतल्या असतील, तर शरीराने स्वतःचे स्टिरॉइड बनवणे कमी केलेले असते. गोळी अचानक बंद केली तर रक्तदाब कोसळून जीव धोक्यात येऊ शकतो. फिट्सची औषधे एकदम थांबवली तर झटके पुन्हा येऊ शकतात. अॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल यांसारख्या हृदयाच्या गोळ्या अचानक सोडल्या तर छातीतले दुखणे उसळू शकते. ही औषधे डॉक्टरांनी आखून दिल्याप्रमाणे पायरी-पायरीने कमी करायची असतात. गोळ्या संपल्या आणि गावातल्या मेडिकलमध्ये मिळाल्या नाहीत, तर ‘पुढच्या तारखेला बघू’ म्हणून थांबू नये. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा रुग्णालयात त्याच दिवशी केसपेपर घेऊन जावे.